नवी लाइन घेण्याआधी: कॉलेजच्या वायफायबद्दल प्राचार्य आणि विकास समितीला खुलं पत्र

मा. प्राचार्य सर, संस्थेचे पदाधिकारी आणि महाविद्यालय विकास समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

कॉलेज ५०० एमबीपीएसची नवी इंटरनेट लाइन घेणार, परिसरात वायफायचे आणखी डबे बसवणार आणि त्यासाठी दरपत्रकं मागवली आहेत, अशी सूचना नोटीस बोर्डावर लागली आहे. मुलं खूश आहेत. मीही झाले असते. पण लाइन ५०० ची घ्या नाहीतर ५,००० ची, आज जे चाललंय तेच पुढेही चालणार आहे, कारण आपल्याकडे अडचण मुळात वेगाची नाही. वेगाचीही आहे, नाही असं नाही, पण तिचा नंबर बराच खाली लागतो.

मी एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलींच्या वसतिगृहात राहते आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत दुपारी कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. वायफाय लागत नाही म्हणून वैतागलेली मुलं सगळ्यात आधी माझ्या टेबलापाशी येतात. बरीचशी तिथूनच परत जातात, ऑफिसपर्यंत पोचत नाहीत. म्हणून या गोष्टी तुमच्या कानावर आल्या नसतील असं धरून लिहिते आहे.

सकाळी साडेसातला कॉमर्सचे वर्ग भरतात तेव्हा वायफाय झकास चालतं. अकराला सायन्सची मुलं येतात आणि रडगाणं सुरू होतं. रेंज पूर्ण दिसते, फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं म्हणत गोल गोल फिरत राहतो आणि शेवटी दमून मोबाइल डेटावर जातो. मुलं म्हणतात, नेट स्लो आहे. स्लो कुठलं, ती नेटपर्यंत पोचलेलीच नसतात. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक तात्पुरता पत्ता देतो. आपल्या राउटरकडे असे पत्ते आहेत २५४, खोक्यातून बाहेर काढला तेव्हा होते तेवढेच. आणि एकदा दिलेला पत्ता तो २४ तास दुसऱ्याला देत नाही. सकाळी कॉमर्सची मुलं गेटमधून आत येतात, तेव्हा खिशातल्या खिशात त्यांच्या फोनने एकेक पत्ता घेतलेला असतो, मग कोणी लॉगिन करो वा न करो. साडेदहाच्या एसटीने ती मुलं घरी जातात. पत्ते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत त्यांच्याच नावावर अडकून राहतात. आपल्याकडे विद्यार्थी हजाराच्या वर आहेत. २५५ व्या फोनने काय करायचं?

यावर उपाय म्हणजे पत्त्याची मुदत २४ तासांवरून एका तासावर आणायची आणि साठा २५४ वरून १,०२२ पर्यंत वाढवायचा. विकत काही आणावं लागत नाही, सेटिंगच्या पानावर दोन-चार आकडे बदलायचे असतात. त्या पानाचा पासवर्ड मात्र कॉलेजमध्ये कोणाकडेच नाही. तो ठेकेदाराकडे आहे, आणि ठेकेदार वार्षिक करारातल्या ठरलेल्या फेऱ्यांशिवाय फिरकत नाही. आमच्या लॅबच्या सरांनी दोनदा लेखी मागितला. उत्तर आलं की वॉरंटी जाईल. असल्या कारणाने वॉरंटी जात नसते.

आता नोंदणीचं बघा. वायफाय हवं असेल तर विद्यार्थ्याने छापील अर्ज भरायचा. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, वर्गशिक्षकांची सही, पालकांची सही आणि फोनचा मॅक ॲड्रेस. म्हणजे फोनची बारा आकडे-अक्षरांची खूण. मुलं फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ती शोधतात, एकेक अक्षर मोठ्याने वाचतात, ऑफिसमधले भाऊ ते रजिस्टरमध्ये उतरवतात, आठ-दहा दिवसांनी ते यादीत चढतं आणि तरी फोन जोडला जात नाही. भाऊंची चूक नाही, मुलांचीही नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० पासून फोन आपली कारखान्यातली खूण वायफायला सांगतच नाही. दर नेटवर्कसाठी एक वेगळी, बनावट खूण तयार करून तीच सांगतो. कोणी आपल्या मागावर राहू नये म्हणून कंपन्यांनी मुद्दाम केलेली सोय आहे ती. त्यामुळे रजिस्टरमध्ये एक खूण, नेटवर्कला दिसते दुसरीच. माझ्याकडे आलेल्यांना मी त्या नेटवर्कपुरती ती सोय बंद करून देते आणि फोन लगेच लागतो. पण येतात ती चार मुलं, बाकीची अर्ज भरून वाट बघत बसतात. शिवाय दुसऱ्याची खूण आपल्या लॅपटॉपला चिकटवणं हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही येतं. मग एवढा खटाटोप कोणाला अडवायला?

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो उघडपणे लिहायला मला संकोच वाटत नाही कारण सगळ्या कॉलेजला तो ठाऊक आहे. वायफायच्या लॉगिनला युजरनेम आहे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, आणि पासवर्ड आहे जन्मतारीख. पासवर्ड बदलायची सोय नाही. पीआरएन हॉल तिकिटावर असतो, असाइनमेंटच्या पहिल्या पानावर असतो, परीक्षा फॉर्मच्या यादीत असतो. वाढदिवस तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकच्या फोटोसकट साजरा होतो, आणि साल कोणतं ते एका वर्गात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. परिणाम असा की ज्याला वाटेल तो ज्याच्या नावाने वाटेल त्याच्या नावाने आत शिरतो. मग खऱ्या मालकाने लॉगिन केलं की पडद्यावर येतं, ‘मॅक्झिमम लॉगिन लिमिट रीच्ड’. सायन्सच्या एका वर्गात तर सगळ्या मुलांनी हुशार मुलींची नावं वाटून घेतली आहेत, कारण त्या तासाला फोन बघत नाहीत आणि त्यांचा आयडी मोकळा असतो.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पण मागच्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला ऑफिसमध्ये बोलावलं गेलं. तिच्या आयडीवरून नको त्या साइट उघडल्याचं फायरवॉलच्या, म्हणजे साइट अडवणाऱ्या आणि कोणी काय उघडलं ते नोंदवणाऱ्या यंत्राच्या, यादीत निघालं होतं. घरी फोन गेला, वडील हातातलं काम टाकून दोन गाड्या बदलून आले. यादीत जी वेळ होती त्या वेळी ती अंतर्गत परीक्षेला वर्गात बसली होती, फोन बाहेर बॅगेत होता. पर्यवेक्षक सरांनी तसं सांगितलं म्हणून प्रकरण मिटलं. तिची माफी कोणी मागितली नाही. ती आता कॉलेजचं वायफाय वापरत नाही आणि तिच्या गावातल्या दुसऱ्या दोघी मुलींनाही घरच्यांनी वापरू नको म्हणून सांगितलंय.

सुरक्षिततेचं कारण मी उडवून लावत नाही. २००८ मध्ये अहमदाबाद आणि दिल्लीच्या बॉम्बस्फोटांच्या काळात दहशतवाद्यांनी पाठवलेले मेल आपल्याच राज्यातून गेले होते: एक नवी मुंबईतल्या घराच्या वायफायवरून, एक चेंबूरच्या कंपनीच्या आणि एक तर माटुंग्याच्या एका कॉलेजच्या. ज्यांचं वायफाय होतं त्यांचा त्यात काही हात नव्हता, त्यांनी ते नीट कुलूपबंद केलेलं नव्हतं एवढंच. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वायफाय उघडं ठेवू नका, वापरणारा कोण ते कळलं पाहिजे, अशा सूचना काढल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे निर्देश दिले. तेव्हा नोंदी ठेवायलाच हव्यात, यात वाद नाही. पण या सगळ्याचा मतलब एकच, की उद्या पोलिसांनी विचारलं तर त्या मिनिटाला त्या फोनवर कोण होतं हे कॉलेजला छातीठोकपणे सांगता यावं. आज आपल्याला ते सांगता येत नाही. आपण सांगू ते नाव असेल एखाद्या परीक्षेला बसलेल्या मुलीचं. १८० दिवसांच्या नोंदी कपाटात असल्या आणि त्यातली नावंच खोटी असली, तर त्या नसत्या तरी बरं.

याचं उत्तर जगभरातल्या विद्यापीठांनी कधीच शोधून ठेवलंय. सगळ्यांसाठी एक पासवर्ड किंवा ब्राउझरमध्ये उघडणारं लॉगिनचं पान ठेवण्याऐवजी, फोन वायफायला जोडतानाच प्रत्येकाने आपलं नाव आणि स्वतः ठरवलेला पासवर्ड द्यायचा. वायफायच्या सेटिंगमध्ये याला ‘एंटरप्राइझ’ म्हणतात. एकदा टाकलं की फोन लक्षात ठेवतो, रोज लॉगिनच्या पानाची कटकट नाही. त्यासाठी एक साधा सर्व्हर लागतो. तो चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आमच्या लॅबमध्ये कोपऱ्यात पडलेल्या जुन्या मशीनवरही चालतं. हीच पद्धत वापरून ‘एज्युरोम’ नावाची व्यवस्था चालते. आपल्या देशात ती अर्नेट इंडिया ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी केंद्र सरकारची संस्था बघते. तिच्यात सामील असलेल्या संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सामील संस्थेत, अगदी परदेशातही, आपल्याच पासवर्डने वायफाय वापरू शकतो. आपण आज लगेच तिच्यात जावं असं मी म्हणत नाही. पण पाया तोच घातला तर पुढे मागे जाता येईल.

ते लॉगिनचं पान मुळात उघडतच नाही, तो आणखी एक वैताग आहे. हल्ली जवळपास सगळ्या साइट सुरक्षित जोडणी वापरतात. फायरवॉलने मध्येच हात घालून आपलं पान दाखवायचा प्रयत्न केला की ब्राउझर लाल अक्षरात धोका, धोका म्हणून ओरडतो. मुलं एक तर घाबरून बंद करतात, नाहीतर ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लावून घेतात. ही दुसरी सवय जास्त वाईट. सायबर सुरक्षेच्या कार्यशाळेत आम्हाला जे करू नका म्हणून शिकवतात, तेच कॉलेजचं वायफाय रोज सकाळी करायला लावतं. आणि मध्यंतरी जी सूचना फिरली होती, की सगळ्यांनी फोनमध्ये कॉलेजचं ‘सर्टिफिकेट’ टाकून घ्यावं, ती कृपा करून मागे घ्या. ते टाकलं की आपल्या फोनमधलं बँकेचं पान, मेल, बरंच काही फायरवॉलला उघडून वाचता येऊ शकतं. कॉलेजच्या मालकीच्या कॉम्प्युटरवर हवं तर टाका. मुलांच्या स्वतःच्या फोनवर नको.

आता काय बंद आहे याकडे वळते. यूट्यूब बंद आहे. कारण समजतं, बँडविड्थ खातं. पण याच कॉलेजने पदव्युत्तर वर्गांना यंदा स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा किंवा आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातला एकेक कोर्स करायला सांगितलाय. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे मिळवता येतात, त्यामुळे कल्पना चांगलीच आहे. आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान आमच्या गावात बसून ऐकायला मिळतं. फक्त एनपीटीईएलची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. स्वयम् च्या पानावर दिसणारा व्हिडिओही बहुतेक वेळा तिथूनच येतो. म्हणजे कॉलेज एका हाताने कोर्स करा म्हणतं आणि दुसऱ्या हाताने वर्गाचं दार लावून घेतं. गिटहब, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट, बंद आहे, ‘फाइल शेअरिंग’ या सदराखाली. त्यावर प्रोजेक्ट टाकणं आमच्या अभ्यासक्रमात आहे. प्राणिशास्त्राच्या मुलींना प्रजनन संस्थेवरचे लेख उघडत नाहीत. काही शब्द दिसले की फायरवॉल डोळे मिटून घेतं. व्हॉट्सॲपही बंद आहे, आणि कॉलेजच्या सगळ्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात!

अशाने मुलं काही गप्प बसत नाहीत. ती फुकटची व्हीपीएन ॲप टाकतात. वर्गात कोणालाही विचारा, निम्म्यांच्या फोनमध्ये सापडेल. अशा ॲपमधून फोनचा सगळा कारभार कुठल्या तरी परक्या सर्व्हरवरून जातो, तो कोण चालवतो याचा पत्ता नसतो, आणि आपल्या फायरवॉलला त्यातलं काही म्हणता काही दिसत नाही. थोडक्यात, जितकं जास्त बंद कराल तितकं कमी दिसेल.

मुलं रील्स बघतात, मॅच बघतात, गेम खेळतात, हे खरं आहे. मी त्यांची वकिली करत नाही. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी लॅबचं नेटही मान टाकतं, तेव्हा सगळ्यात जास्त चिडते ती मीच. पण त्यावर साइट बंद करणं हा उपाय नव्हे. माणशी वेगाला मर्यादा घाला. एकाला एका वेळी दोन एमबीपीएसच्या वर मिळणार नाही असं सेटिंग आपल्या आहे त्या फायरवॉलमध्ये आहे, मी सरांच्या समोर बसून पाहिलंय. साधारण ०.७ एमबीपीएसमध्ये यूट्यूबचं ३६० पीचं व्याख्यान चालतं, फळ्यावरचं अक्षर वाचता येतं. फोनची आणि विंडोजची अपडेट दिवसा अडवून रात्री सोडा. मग मॅच बघणारा बघेना का, त्याच्यामुळे शेजारच्याचं व्याख्यान अडणार नाही.

वसतिगृहाबद्दल लिहू की नको असा विचार करत होते. लिहितेच. मुलींच्या वसतिगृहाचं वायफाय रात्री ९ ला बंद होतं, मुलांच्या वसतिगृहाचं रात्रभर चालू असतं. विचारलं तर सांगतात की मुली रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत बसतात. बोलायला वायफाय लागत नाही हो. एनपीटीईएलच्या असाइनमेंटची मुदत सहसा बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते. बुधवारी रात्री आमच्या मजल्यावर या. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी, जिथे मोबाइलची रेंज बरी मिळते, तिथे सहा-सात जणी भिंतीला टेकून बसलेल्या असतात. ज्या कुणाचा दिवसाचा दीड जीबी शिल्लक असेल तिने हॉटस्पॉट लावलेला असतो, एक लॅपटॉप संपवला की दुसरीचा जोडायचा. बाराच्या आत सगळ्यांचं होतंच असं नाही. त्याच वेळी मैदानापलीकडे मुलांच्या खोल्यांमध्ये वायफाय चालू असतं आणि रेंज आमच्या खिडकीपर्यंत येत नाही.

केरळ उच्च न्यायालयात २०१९ मध्ये फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य असा खटला झाला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० मोबाइल जमा करण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं, आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. केरळचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही हे मला कळतं. पण मुलांना आणि मुलींना एकच वेळ लावायला निकालाची वाट कशाला बघायची? रात्री १२ ला दोन्हीकडे बंद करा, आमची हरकत नाही.

नव्या डब्यांचं कंत्राट निघणार आहे म्हणून त्याबद्दलही. आपली जुनी इमारत जांभ्या चिऱ्याची, भिंती हात-दीड हात जाडीच्या. वायफायच्या लहरी त्यातून मुश्किलीने पलीकडे जातात, पावसाळ्यात चिरा भिजला की आणखीच कमी. वेगवान म्हणतात त्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर भिंतीपाशीच अडखळतात. आणि आपण डबे लावलेत कॉरिडॉरमध्ये, ओळीने, दिसायला छान. ते सगळे एकमेकांना उत्तम ऐकू येतात, वर्गात बसलेल्या मुलांना नाही. त्यात २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आपले सगळे डबे ६ वर बोलतायत. एका खोलीत दहा जण एकदम बोलायला लागले तर जे होतं ते सध्या तिथे होतं. नवे दहा डबे त्याच कॉरिडॉरमध्ये लावलेत तर वीस जण बोलायला लागतील. डबे वर्गाच्या आत हवेत, मोठ्या वर्गात एक, लहान दोन वर्गांत मिळून एक, आणि शेजारशेजारच्यांना वेगळ्या वाहिन्या.

आजच्या घडीला सगळ्या परिसरात वायफाय सगळ्यात चांगलं कुठे मिळतं, ठाऊक आहे? दुचाकींच्या पार्किंगमध्ये. त्यावर प्राचार्यांच्या केबिनची खिडकी आहे, केबिनमध्ये स्वतंत्र डबा आहे आणि खिडकीला चिरा नाही. शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे फॉर्म भरायचे असतात तेव्हा मुलं-मुली तिथे गाड्यांवर बसून, मांडीवर जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन, ओटीपीची वाट बघत असतात. वॉचमन काका त्यांना हाकलतात. मागच्या महिन्यातल्या ‘पार्किंगमध्ये टोळक्याने बसू नये’ या सूचनेमागची खरी गोष्ट ही आहे, सर. हाकललेल्यांपैकी ज्यांच्याकडे पैसे असतात ते स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून घेतात.

वीज गेली की वायफायही जातं, त्याला कारण आहे. डब्यांना वीज पुरवणारा स्विच इन्व्हर्टरवर नाही. ऑफिसचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. एक वायर इकडून तिकडे घ्यायची आहे, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करेल.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाकडे डेटा असतोच की हल्ली, कॉलेजच्या वायफायवर एवढं कशाला अडायचं. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. घरात दोन भावंडं शिकत असतील तर महिन्याला सहाशे. आणि पैसे असले तरी रेंज कुठे आहे? २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली एक मुलगी डोंगरावर रेंज मिळते तिथे झोपडी बांधून ऑनलाइन तासांना बसली होती, ती बातमी आपण सगळ्यांनीच वाचली. आज टॉवर वाढलेत, पण आमच्या कॉलेजला येणाऱ्या वाड्यांमध्ये अजून अशा आहेत जिथे फोन लावायला अंगणातून बांधावर जावं लागतं. तिथल्या मुलांना दिवसभरात व्यवस्थित नेट मिळण्याची जागा म्हणजे कॉलेज. दुपारची एसटी चुकवून ती लॅबबाहेर बसून राहतात, ती काही आमच्या कॅन्टीनच्या चहासाठी नव्हे. ग्रंथालयाने एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाची वर्गणी भरली आहे, हजारो नियतकालिकं आणि पुस्तकं त्यावर आहेत, ग्रंथपाल मॅडम दर जूनला उत्साहाने त्याची माहिती देतात. ते वाचायलाही नेटच लागतं.

राहता राहिली लाइन. आत्ता १०० एमबीपीएस आहे, त्यातले ४० ऑफिस आणि परीक्षा विभागासाठी राखून ठेवलेत. उरलेल्या ६० मध्ये तीनशे जण एकदम आले तर एकेकाला ०.२ येतं, म्हणजे व्याख्यान चालणार नाही. म्हणून लाइन वाढवायला हवीच, फक्त बाकीचं आधी करून. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आधीच्या तक्त्यात ५० एमबीपीएसच्या वर गेलं की सगळ्यात वरचा पर्याय मिळायचा. तो आपल्याला केव्हाच मिळालाय. नॅकची पीअर टीम, म्हणजे तपासणी करणारी मंडळी, आली होती ते दोन दिवस वायफाय लोण्यासारखं चाललं, कारण तेव्हा फक्त निवडक मुलांना बोलावलं होतं आणि बाकीच्यांना सुट्टी होती. मला वाटतं, गडबड इथेच आहे. जे ठरवतात त्यांची लाइन वेगळी, त्यांचा इन्व्हर्टर वेगळा, केबिनमध्ये डबा वेगळा. त्यांच्याकडे वायफाय कधी अडतच नाही, मग अडतंय हे त्यांना कळणार कसं? तक्रार आली की पहिला प्रश्न येतो, ‘आमच्याकडे तर चालू आहे?’

म्हणून माझी विनंती आहे की पुढचा महिनाभर ऑफिस, परीक्षा विभाग आणि प्राचार्यांची केबिन यांनी विद्यार्थ्यांचंच वायफाय वापरावं. त्याच पानावरून, त्याच पासवर्ड पद्धतीने, त्याच फायरवॉलखाली. विद्यापीठाची तातडीची कामं तेवढी ऑफिसच्या राखीव लाइनवर करा. महिनाभरानंतर दरपत्रकं उघडा, तेव्हा काय मागायचं ते समितीला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

आणि ठेकेदाराशी नवा करार करताना त्यात एक ओळ घालून घ्या: राउटर आणि फायरवॉलचा मुख्य पासवर्ड कॉलेजकडे राहील, बंद पाकिटात, प्राचार्यांच्या तिजोरीत. उद्या तो माणूस धंदा बंद करून मुंबईला गेला तर आपण आपल्याच नेटवर्कच्या बाहेर उभे असू. नोंदींची यादी कोण बघू शकतं आणि कधी, तेही लेखी ठरवा. सध्या ती कोणीही उघडतं आणि अमक्याने काय बघितलं याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत जाते. ज्या मुलीच्या वडिलांना बोलावलं होतं, तिला एक पत्र द्या. दोन ओळींचं चालेल, पण कॉलेजच्या लेटरहेडवर आणि वडिलांच्या नावे.

विकास समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असं कळतं. त्यात अर्धा तास मिळाला तर आमच्या वर्गातले तिघं येऊन इमारतीचा नकाशा दाखवतील. प्रत्येक खोलीत सिग्नल किती पोचतो ते आम्ही प्रोजेक्ट म्हणून मोजलंय, मजल्यावार रंगवून ठेवलंय, कागद लॅबच्या कपाटात आहे. पत्त्यांचं आणि वाहिन्यांचं काम त्याआधीही होऊ शकतं. मी रोज दुपारी २ ते ५ लॅबमध्ये असते. ठेकेदाराकडून पासवर्ड मागवून सरांकडे दिलात, की त्याच दुपारी बसून करून टाकू.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
एम.एस्सी. भाग २, संगणकशास्त्र